रानफुलाची नवी प्रजाती सापडली असं वाटतंय? पहिल्या फोटोपासून छापील नावापर्यंत

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. मुरबाडच्या पुढे, घाटमाथ्यावरच्या एका पठारावर मी गेंदाची फुलं मोजत बसले होते. कासच्या फोटोंत पांढऱ्या मण्यांसारखी पसरलेली दिसतात तीच ही फुलं, शास्त्रीय भाषेत इरिओकॉलॉन. गुरं घेऊन आलेल्या एक मावशी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, ह्यो त्यो गेंद न्हवं. त्यो डबक्यात येतो. ह्यो कपारीच्या झऱ्याला येतो, आन् लय उशिरा."

दोन दिवस मी ज्याला एकच समजत होते ते दोन वेगळे गेंद होते. त्यातल्या कपारीतल्या गेंदाचं वर्णन 'नवी प्रजाती' म्हणून छापून यायला तिथून पुढे चार पावसाळे गेले.

मी ठाण्यात, कोपरीला राहते. नोकरी बँकेत, आणि वनस्पतिशास्त्राची पदवी वीस वर्षांपूर्वीची. काय करायचं, कुणाला विचारायचं, कोणता कागद कुठे द्यायचा हे एका जागी लिहिलेलं मला कुठेच मिळालं नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, पनवेलहून दर रविवारी डोंगरात जाणारी आणि फुलांचे सुंदर फोटो काढणारी खूप मंडळी आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या कॅमेऱ्यात अजून नाव नसलेलं फूल असणं अगदी शक्य आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

१. आधी ते नवीन नाही असंच धरून चाला

मावशी भेटण्याच्या आदल्या वर्षी मी एक बोटभर उंचीचा गेंद आणला होता. पानं दोऱ्यासारखी, फूल मुगाएवढं. कुठल्याच वर्णनाशी जुळेना. सहा महिने मी त्याला नवीन समजत होते. पुढे हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, जुनी शीटं एकामागून एक पाहिल्यावर उलगडा झाला. ती नेहमीचीच प्रजाती होती, फक्त कातळावरच्या नखभर मातीत खुरटलेली. माती जेमतेम असली आणि पावसाने ओढ दिली की ही रोपं घाईने फुलतात आणि संपतात.

म्हणून उंची, पानांची लांबी, फुलाचा रंग एवढ्यावर कधीही विसंबू नका. निदान दोन-तीन फरक असे हवेत, जे लहान-मोठ्या सगळ्या रोपांत, दोन वेगवेगळ्या वर्षांत आणि जमल्यास दोन वेगळ्या जागी कायम राहतात. बियांची ठेवण, केसांचा प्रकार, पाकळ्यांवरच्या ग्रंथी, पुंकेसरांची संख्या असे फरक भरवशाचे.

पहिली ओळख पटवायला ई-फ्लोरा ऑफ इंडिया, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि आयनॅचरलिस्ट उपयोगी पडतात. तिथली जाणकार मंडळी निरपेक्षपणे मदत करतात. फोटो टाकताना नेमकं ठिकाण मात्र झाका. कंदीलपुष्पं, ऑर्किड, कंदवर्गीय झाडं उपटून नेणारे लोक असे पत्ते शोधतच असतात. आमच्या पठाराचं नाव मी इथेही याच कारणाने लिहिलेलं नाही.

२. जागा कुणाची आहे ते शोधा, मगच खुरपी काढा

फोटो काढणं वेगळं आणि झाड उचलणं वेगळं. येऊरच्या जंगलात फिरताना बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही की आपण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहोत. तिथून पानही उचलता येत नाही. कर्नाळा, तुंगारेश्वर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत. डोंगरावर त्यांच्या हद्दीची रेघ आखलेली नसते, तेव्हा नकाशा घेऊन वनरक्षकालाच विचारा.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर संशोधनाची परवानगी वन्यजीव विभागाच्या नागपूरच्या मुख्य कार्यालयातून मिळते. राखीव वन असेल तर त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करायचा. गायरान असेल तर ग्रामपंचायत, खाजगी असेल तर मालक. एकट्या हौशी माणसाचा अर्ज रेंगाळतो. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या लेटरहेडवर, प्राध्यापकांच्या सहीने गेलेला अर्ज पुढे सरकतो. मला ठाण्यातल्याच एका सरांनी ही मदत केली आणि पुढे ते सहलेखक झाले. असा जोडीदार पहिल्याच महिन्यात शोधा.

अर्जासोबत हे जोडा:

- एका पानात संशोधनाचा हेतू
- जागेचा नकाशा, तालुका आणि गाव
- किती रोपं घेणार, कोणत्या महिन्यांत येणार
- ओळखपत्राची प्रत आणि संस्थेचं पत्र
- नमुने कोणत्या हर्बेरियममध्ये जमा करणार त्याचा उल्लेख

परदेशी सहलेखक घ्यायचा असेल किंवा नमुना देशाबाहेर पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणापर्यंत जावं लागतं. पहिल्या कामात या वाटेला न गेलेलंच बरं.

३. नमुना घेताना

सामान फार नाही. दहापट दाखवणारं हातभिंग, खुरपी, झाडं दाबायचं लाकडी जाळीचं प्रेस आणि आवळायचे पट्टे, वर्तमानपत्रं, टिपकागद, खोक्याचे पन्हळी पुठ्ठे, स्पिरिटच्या लहान बाटल्या, सिलिका जेलच्या पुड्या, दोरा बांधलेल्या चिठ्ठ्या, पट्टी, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच घ्या. पावसात पेनाने लिहिलेलं घरी येईपर्यंत निळं पाणी होतं.

विसातलं एकच रोप घ्यावं, असा जाणत्यांचा दंडक आहे. जागेवर वीसही रोपं नसतील तर त्या वर्षी फक्त फोटो घ्या आणि परत या.

आता एक नियम, जो मला फार उशिरा कळला. एका वेळी, एका जागी, एकाच संग्राहकाने घेतलेल्या एकाच प्रजातीच्या रोपांनाच एक संग्रह क्रमांक मिळतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेलात तरी क्रमांक नवा. नव्या प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलं जातं, तो होलोटाईप. त्याच क्रमांकाचे जोडनमुने म्हणजे आयसोटाईप. कपारीतला आणि डबक्यातला गेंद मी पहिल्या वर्षी एकाच क्रमांकाखाली दाबला होता. तो सगळा संग्रह टाईप म्हणून निकामी ठरला आणि एक पावसाळा वाया गेला.

वहीत तिथेच लिहायच्या गोष्टी: तारीख, उंची, अक्षांश-रेखांश, खडक कोणता, पाणी वाहतं की साचलेलं, ऊन किती, शेजारी काय वाढलंय, ताज्या फुलाचा रंग आणि वास, अंदाजे किती रोपं, गावातलं नाव. वाळल्यावर रंग जातो, वास जातो, म्हणून हे घरी येऊन आठवू म्हटलं तर आठवत नाही.

फुलं एका फेरीत मिळतात. फळं आणि पक्व बिया घ्यायला पुन्हा जावंच लागतं. आमच्या गेंदासाठी ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर अशा तीन फेऱ्या दरवर्षी झाल्या.

४. ठाण्याच्या पावसात झाड वाळवणं

स्पितीसारख्या हिमालयापलीकडच्या कोरड्या, थंड वाळवंटात काम करणाऱ्यांना हा त्रास ठाऊक नाही. तिथली हवाच झाड वाळवते. आपल्याकडे ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ओल्या गेंदाची काय कथा.

पहिले चार दिवस रोज कागद बदलायचे, सकाळी आणि रात्री. वर्तमानपत्राचं साधं पान घ्या. जाहिरातींच्या गुळगुळीत पुरवण्या पाणी शोषत नाहीत आणि झाड त्यांना चिकटून काळं पडतं. दर तीन-चार कागदांमागे एक पन्हळी पुठ्ठा घाला, म्हणजे हवा खेळती राहते. आमच्याकडे पलंगाखाली एक लाकडी खोकं आहे. त्यात साठ वॅटचे दोन जुने बल्ब लावलेत. प्रेस त्यावर उभं ठेवायचं, आडवं नाही, म्हणजे गरम हवा पन्हळीतून वर जाते. लक्ष ठेवायचं आणि घराबाहेर पडताना बल्ब बंद करायचे. इस्त्री फिरवणारेही आहेत. जाड पानांना ते चालेल, नाजूक फुलांचा मात्र चुरा होतो.

पहिल्या दिवशी कागद उघडताना पानं सरळ करून घ्या. काही पानांची खालची बाजू वर दिसू द्या. मुळं माती धुऊनच ठेवा. डीएनएसाठी पानाचे तुकडे सिलिका जेलमध्ये वेगळे ठेवायचे, बल्बच्या खोक्यात नाही. थोडी फुलं स्पिरिटच्या बाटलीत घाला आणि प्रत्येक बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी सोडा.

वाळलेलं झाड २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड शीटवर चढवतात, उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. सुट्या बिया आणि फुलं कागदी पाकिटात घालून त्याच शीटवर.

५. जुनं सगळं बघून या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'नवीन' म्हणणं म्हणजे आजवर नाव मिळालेल्या त्या वंशातल्या (जवळच्या प्रजातींच्या गटातल्या) कुठल्याही झाडाशी हे जुळत नाही, असं सांगणं. ते सांगायला ती सगळी झाडं बघावी लागतात.

आधी नावांची यादी करा. लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या साइटवर स्वीकारलेली नावं आणि मागे पडलेली नावं दोन्ही मिळतात. मागे पडलेल्या नावांकडे दुर्लक्ष करू नका. एकोणिसाव्या शतकात कुणी तुमचंच झाड वेगळं म्हणून छापलेलं असतं आणि पुढच्या अभ्यासकाने ते दुसऱ्यात विलीन केलेलं असतं. तसं निघालं तर नवं नाव देता येत नाही, जुनंच पुन्हा उभं करायचं. तेही चांगलंच काम आहे.

मग मूळ वर्णनं वाचा. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरचे हूकर यांचे १८७२ ते १८९७ मधले खंड, मुंबई इलाख्यावरचे कुक यांचे १९०१ ते १९०८ मधले खंड, बॉटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेचे महाराष्ट्राचे खंड. जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट आहेत. गेंदांवर फायसन यांनी १९१९ ते १९२२ दरम्यान सविस्तर लिहिलं होतं, तेही वाचावं लागलं. फक्त महाराष्ट्रावर थांबू नका. गोवा, कर्नाटक, केरळ, श्रीलंका आणि पाणथळ झाडांच्या बाबतीत आफ्रिकाही बघा.

त्यानंतर हर्बेरियम. ठाणेकरांना सगळ्यात जवळचं म्हणजे सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. पुण्यात बॉटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र कोरेगाव पार्कच्या बाजूला आहे, आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. पत्र पाठवून वेळ घेऊन जा आणि कोणता वंश बघायचाय ते आधी कळवा. हिमालयातलं झाड असेल तर हेच काम डेहराडूनला जाऊन करायचं.

जुनी शीटं दोन्ही हातांनी, सपाट धरून उचला. पुस्तकाच्या पानांसारखी उलटायची नाहीत. आणि नंतर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून शीटांना मर्क्युरिक क्लोराईड लावत, ते विष कागदावर अजून आहे.

मूळ टाईप नमुने बहुतेक परदेशात आहेत. मुंबई इलाख्यात झाडं गोळा करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची शीटं क्यूला गेली. त्यातल्या बऱ्याच शीटांचे स्पष्ट फोटो आता ऑनलाइन दिसतात. फोटोत बी दिसत नसेल तर क्यूरेटरला नम्रपणे लिहा. मला दोन ठिकाणांहून मोजपट्टीसह नवे फोटो आले.

६. भिंगाखाली

वाळलेला गेंद कोमट पाण्यात भिजवला की तासाभरात पुन्हा फुगतो. चार-पाच मिलिमीटरच्या त्या मण्यात कित्येक फुलं असतात, नर वेगळी, मादी वेगळी. दोन शिवणाच्या सुया पेन्सिलीच्या टोकांना बांधून मी ती सोडवायची. बाहेरची सहपत्रं बाजूला केली की नर फुलाच्या काळ्या परागकोशांचे ठिपके दिसतात, मग पाकळीच्या टोकाची काळी ग्रंथी. कपारीतल्या गेंदात मादी फुलाचं एक निदल (पाकळ्यांबाहेरचं दल) कायम खुरटं होतं. पन्नास फुलं उघडली, पन्नासांत तसंच. डबक्यातल्यात एकदाही नाही. बियांवरची जाळी बघायला साधा मायक्रोस्कोप पुरला नाही, त्यासाठी सरांच्या ओळखीने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर वेळ मिळाली.

प्रत्येक मापासाठी निदान दहा-पंधरा रोपं घ्या आणि 'इतकं ते इतकं' अशी कक्षा लिहा. एकाच झाडाचं माप लिहिलेलं वर्णन पुढच्या माणसाच्या काही कामाचं नसतं.

रेषाचित्र हवंच. आमच्या इमारतीतल्या चित्रकलेच्या बाईंनी ते काढलं. त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली, की जे दिसतंय तेच काढा, सुबक करू नका. डाव्या बाजूचं पान किडलेलं होतं, ते तसंच आहे. प्रत्येक आकृतीखाली मोजपट्टी.

डीएनए नियमाने सक्तीचा नाही. जवळच्या प्रजाती फारच सारख्या असतील तर त्याची जोड चांगली, पण बाह्य फरक नसताना नुसत्या डीएनएवर पहिलं काम उभं करू नका.

७. नाव ठेवणं

वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे नियम वाचून घ्या. महत्त्वाचं एवढं: वंशाच्या लिंगाप्रमाणे प्रजातीच्या नावाचा शेवट बदलतो. साताऱ्यावरून वायतुऱ्याला अपोनोजेटॉन सातारेन्सिस, पण कोकणावरून दिपकाडीला दिपकाडी कोंकानेन्से. एक पुल्लिंगी, दुसरं नपुंसकलिंगी. इरिओकॉलॉनही नपुंसकलिंगी. पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर शेवटी आय, बाईच्या नावावरून एई.

स्वतःचं नाव द्यायला नियमाची बंदी नाही, पण ते शोभत नाही. निवडलेलं नाव त्या वंशात पूर्वी कधीही, जगात कुठेही वापरलेलं नको. ते इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्समध्ये तपासा. छापून येईपर्यंत नाव कुठल्याही ग्रुपवर, बातमीत, भाषणात फोडू नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव ग्राह्य धरलं जात नाही, आणि गोंधळ मात्र वर्षानुवर्षं राहतो.

८. लेख आणि मासिक

२०१२ पासून लॅटिन वर्णनाची सक्ती गेली, इंग्रजी चालतं. त्याच वर्षापासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या पीडीएफमध्ये छापलेलं नावही ग्राह्य आहे. लेखात या गोष्टी असल्याच पाहिजेत: 'नवी प्रजाती' असा उल्लेख, जवळच्या प्रजातीपासून नेमके फरक सांगणारा छोटा परिच्छेद, पूर्ण वर्णन, होलोटाईप या शब्दासह संग्राहक, क्रमांक, तारीख आणि तो ज्या हर्बेरियममध्ये आहे त्याचं नाव. होलोटाईप कुठे आहे हे लिहायचं राहिलं तर नावच वैध ठरत नाही.

फरकांचा तक्ता करा. डावीकडे आपलं झाड, उजवीकडे जवळच्या दोन-तीन प्रजाती. परीक्षक आधी तोच बघतात.

'अतिसंकटग्रस्त' हा शिक्का घाईने मारू नका. एकाच जागी दिसलं याचा अर्थ एकाच जागी आहे असा होत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेचे निकष प्रौढ रोपांची संख्या आणि व्याप्तीचं क्षेत्र यांवर चालतात. आजूबाजूची पठारं पायाखाली घातली नसतील तर 'माहिती अपुरी' लिहा.

मासिकं: ऱ्हीडिया, नेलुंबो, फायटोटॅक्सा, नॉर्डिक जर्नल ऑफ बॉटनी, क्यू बुलेटिन. काही मासिकं लेखकाकडून मोठं शुल्क घेतात, तेव्हा पाठवण्याआधी विचारा. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. आमचा लेख पहिल्यांदा परत आला. परीक्षकांनी आम्ही न पाहिलेल्या श्रीलंकेतल्या एका प्रजातीशी तुलना मागितली होती. त्यांचं बरोबर होतं. पाच महिने त्यात गेले आणि तक्ता कितीतरी भक्कम झाला.

९. जमा करा आणि गावात परत जा

होलोटाईप लेख छापून येण्याआधी हर्बेरियममध्ये पोचवा आणि जमा क्रमांकाची लेखी पोच घ्या. 'जमा केला' असं छापून नमुना घरच्याच कपाटात राहिल्याची उदाहरणं आहेत. शंभर वर्षांनी कुणाला आपलं म्हणणं तपासायचं असेल तर तो त्या शीटपाशीच येणार. आयसोटाईप दोन-तीन वेगळ्या संग्रहांत वाटा. जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवणं आणि नमुना तिथे देणं बंधनकारक आहे. बॉटॅनिकल सर्व्हे ही त्यातली एक संस्था. छापील लेखाची प्रत, नमुना आणि साधं पत्र एवढं पुरतं.

गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आणि वनपालांना प्रत द्या, सोबत एका पानाचा मराठी गोषवारा. ज्यांनी झाड दाखवलं त्यांचे आभार लेखात नावानिशी माना, त्यांना विचारून.

आम्ही ऑक्टोबरात प्रत घेऊन गेलो. मावशींनी चष्मा पुसून बियांचं चित्र पाहिलं, मग जागेचा नकाशा पाहिला आणि विचारलं, "येवढंच लिवलंय? पल्याडच्या सोंडंवरबी हाय की ह्यो." दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला घेऊन गेल्या. तिथल्या झऱ्याला दोनशेहून जास्त रोपं होती, बिया धरलेली. त्यांना वेगळा संग्रह क्रमांक दिला.

'माहिती अपुरी' हा शेरा आता पुढच्या टिपणात बदलायचा आहे.